चौऱ्याऐंशीवा खिळा

समज, तुझ्या तळहातावर पितळेचा एक बिल्ला आहे. बिस्किटाएवढा, गोल. वर एक भोक, मधोमध ठोकलेला आकडा. तुझ्यासमोर भिंतीवर लाकडी फळा आहे, त्यावर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली एक आकडा. तुला जमिनीखाली दीडशे मीटर जायचंय. जाण्याआधी आपल्या आकड्याच्या खिळ्यावरचा बिल्ला काढायचा आणि खिशात टाकायचा. शेजारी बत्तीघर आहे, तिथून त्याच आकड्याचा दिवा घ्यायचा आणि टोपीला लावायचा. पाळी संपवून वर आलं की दिवा जागेवर, बिल्ला खिळ्यावर. एवढंच.

आता सांग. बिल्ला खिळ्यावर नाही, दिवाही जागेवर नाही. माणूस कुठे आहे?

खाली आहे. बरोबर.

आणि बिल्ला खिळ्यावर नाही, पण दिवा जागेवर आहे, तर?

घाई करू नकोस, सावकाश विचार कर. हा प्रश्न मला एका बारा वर्षांच्या मुलीने विचारला होता. मी अडतीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, आणि मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं.

चिंचाळ्याच्या मॅंगनीज खाणीत मी सर्व्हेअर होतो, म्हणजे जमिनीखालच्या वाटांचे नकाशे काढायचो. निवृत्त झाल्यावर कॉलनीच्या कडेला छोटं घर बांधलं आणि दुपारी व्हरांड्यात मुलांना शिकवायला लागलो. भूगोल, गणित, दगड ओळखणं. खाणीने मोडीत काढलेला बिल्ल्यांचा जुना फळा मी मागून आणला होता. मुलं आली की आपापला बिल्ला काढून खिशात ठेवायची, जाताना अडकवायची. सगळे बिल्ले लागेपर्यंत मी खुर्ची सोडत नसे. पहिला खिळा माझा. त्यावरचा बिल्ला अकरा वर्षं कोणी हलवला नव्हता.

"आबाजी, तुमचा कधीच निघत नाही," एकदा एका मुलाने म्हटलं.

"मी वर आलेला माणूस आहे रे. मला आता कुठे जायचंय?"

नवीन मुलाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत असे. कोण खाली आहे, कोण वर आहे, हे माणसांना विचारू नका. माणसं विसरतात, घाबरतात, एकमेकांना सांभाळून घेतात. फळ्याला विचारा.

ही शिकवण सगळ्यांत पक्की बसली होती आचलला. आचल मडावी, सातवीत. तिचे वडील शिवचरण आमच्याच खाणीत टिंबरमन होते, छताला लाकडाचे टेकू द्यायचे. आदल्या वर्षी छत बसलं, त्यात ते गेले. त्यांचा दिवा वर आणला गेला आणि पुसून बत्तीघरात जागेवर ठेवला गेला. बिल्ला मात्र खिळ्यावर गेला नाही. खाणीत दुसऱ्याचा बिल्ला कोणी अडकवत नाही. ज्याने काढला त्यानेच लावायचा. म्हणून तो बायकोच्या हातात दिला जातो. रामकलाने तो पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. दोनशे चौदा नंबर.

भरपाईचे नऊ लाख मिळाले. अर्ज मी लिहिले होते, बँकेत मी बरोबर गेलो होतो. कंपनीचं क्वार्टर दोन वर्षांत सोडायचं होतं. गावात एका शिक्षकाचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं, तो चौदा लाख मागत होता. नऊ आणि चौदा यांच्यामधले पाच लाख कुठून आणायचे, हा रामकलापुढचा प्रश्न होता. आणि तो सोडवायचं मी माझ्यावर घेतलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घातलं. निर्बंध लागले, आणि रशियाशी संबंध असलेल्या कंपन्यांचे शेअर दगडासारखे खाली आले. त्यांत एक कंपनी मला माहीत होती. तिची नोंदणी लंडनच्या बाजारात होती आणि खाणी उरल पर्वतात. तांबं, आणि तांब्याबरोबर थोडं सोनं. त्यातल्या एका खाणीत मी शहाऐंशी साली आठ महिने शिकायला होतो. तिथल्या फळ्यावर माझा आकडा होता चौऱ्याऐंशी. तिथला सर्व्हेअर गेन्नादी माझा मित्र झाला. पहिल्याच आठवड्यात मी त्याचा पडलेला बिल्ला उचलून खिळ्याला लावायला गेलो, तर त्याने माझं मनगट धरलं. दुसऱ्याचा लावायचा नाही. मी हसलो. आमच्याकडेही हेच, म्हणालो.

मार्चमध्ये मी रामकलाला समजावलं. "धातू जमिनीत आहे. मी स्वतः तो हातांनी मोजलाय. युद्धाने धातू कुठे जात नाही. सोळाशेचा शेअर दीडशेला मिळतोय. युद्ध संपलं की निम्मा तरी वर येईल."

"आनि नाही संपलं तं?"

"कधीतरी संपतंच."

"मले यातलं काही समजत नाही जी, काकाजी. तुमी म्हनाल तिथं सही करून देतो."

नागपूरच्या एका दलालाकडून चार लाख गुंतवले. सप्टेंबरपर्यंत त्यांचे सहा झाले. रामकलाने घरी खीर केली आणि डबा भरून पाठवली. उरलेले पाच लाख घातले तर डिसेंबरपर्यंत घर होईल, असा मी हिशेब मांडला. त्याच सप्टेंबरमध्ये तिकडे सैन्यभरतीचा हुकूम निघाला, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचलं आणि पान उलटलं.

ऑक्टोबरची एक दुपार. वर्ग सुटला होता, मुलं बिल्ले अडकवून पळाली होती. आचल तेवढी राहिली, कारण तिची आई येणार होती. रामकला आली, हात पदराला पुसत बसली. बँकेचे कागद मी टेबलावर मांडून ठेवले होते.

"सहीच्या आधी एकदा गेन्नादीशी बोलतो," मी म्हणालो. "खाणीतला माणूस आहे. बाजार काय सांगतो यापेक्षा तो काय सांगतो ते खरं."

फोन लागला. पडद्यावर गेन्नादीचा चेहरा आला. दाढी वाढलेली, डोक्यावर लोकरीची टोपी, मागे भिंत. माझं रशियन मोडकंतोडकं असलं तरी आम्हा दोघांना पुरतं.

"घरी नाहीस?"

"नाही. मला परत कामावर बोलावलंय. बत्तीघरात बसतो."

"सत्तरीच्या माणसाला?"

"आम्हा म्हाताऱ्यांना सगळ्यांनाच बोलावलंय."

मी रामकलाकडे वळून म्हणालो, "काम इतकं वाढलंय की निवृत्त लोकांना परत घेतायत." तिने मान हलवली. खरंच सांगतो, मला तेव्हा तो चांगला शकुन वाटला.

"खाण कशी आहे?" मी विचारलं.

"खाण ठीक आहे, भास्कर. उत्पादन ठीक आहे. माणसं ठीक आहेत." तो एका सुरात बोलला, शाळेतला मुलगा पाठ म्हणतो तसा. मग म्हणाला, "थांब. तुला माझी जागा दाखवतो."

त्याने फोन फिरवला. आधी फळा आला. मोठा, आमच्यापेक्षा तिप्पट. तो फोन अगदी हळू नेत होता, एकेका ओळीवरून. काही खिळ्यांवर बिल्ले होते, बऱ्याच खिळ्यांवर नव्हते. फळा संपला. मग दिव्यांचं कपाट. चार्जिंगला लावलेले दिवे, प्रत्येकावर एक बारीक हिरवा ठिपका. ओळी भरलेल्या होत्या. तेही त्याने हळूहळू दाखवलं. मग फोन परत फळ्यावर आणला आणि स्थिर धरला.

"तिकडे हवा कशी आहे?" फोनच्या मागून त्याचा आवाज आला.

"ऊन आहे. ऑक्टोबर हीट."

"इकडे बर्फ पडलाय." फोन हलला नाही. "तुझा नंबर आठवतो?"

"चौऱ्याऐंशी. आता पावेलकडे आहे ना?" पावेल त्याचा नातू. खाणीत लागला तेव्हा गेन्नादीने मला आनंदाने कळवलं होतं, तुझा नंबर घरातच राहिला म्हणून.

"हो. पावेलकडे आहे."

आचल माझ्या खांद्यामागे येऊन उभी होती. तिला रशियन कळत नव्हतं. ती फक्त बघत होती.

"आबाजी, किती खिळे रिकामे आहेत."

"पाळी चालू आहे. माणसं खाली आहेत."

"पण दिवे सगळे जागेवर आहेत."

"चार्जिंगला असतील."

"मग खाली काय लावून गेले? तिथं खाली अंधार नसते का?"

ती पडद्याच्या आणखी जवळ आली. बोट न टेकवता एकेक ओळ मोजत होती. मीच शिकवलं होतं तिला तसं मोजायला.

"बिल्ला नाही आणि दिवा आहे, तर माणूस कुठे असते, आबाजी?" तिने विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "बाबांचं असंच होतं. दिवा आला होता, बिल्ला..."

"आचल," रामकला म्हणाली.

समोर कागद होते. सहाचे अकरा, अकराचे चौदा, सगळं मनात मांडून झालं होतं. रामकला माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये," मी म्हणालो. "तिकडची पद्धत वेगळी असते."

तिकडची पद्धत वेगळी नव्हती. हे त्या व्हरांड्यात फक्त मला माहीत होतं.

"मुलगी काय म्हणते?" गेन्नादीने विचारलं.

"काही नाही. लहान आहे."

त्याचा श्वास ऐकू येत होता. "तिला पुन्हा दाखवू का?" तो म्हणाला.

"नको. माझ्या फोनची बॅटरी संपत आलीय."

बॅटरी अर्ध्याहून जास्त होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "ठीक आहे, भास्कर." फोन बंद झाला.

"काय म्हनले जी ते?" रामकलाने विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणाला."

यात खोटं काहीच नव्हतं. तो तसंच म्हणाला होता.

रामकलाने तीन ठिकाणी सह्या केल्या. ती सही करताना आडनावाशी अडायची, मी बोटाने जागा दाखवली. आचल खांबाला टेकून उभी होती. आई उठल्यावर तिने आपला बिल्ला खिळ्याला अडकवला. रोज जाताना ती "येते आबाजी" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. मला वाटलं, रागावली आहे, उद्या विसरेल.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिसऱ्या दिवशीही आली. वर्गात काही विचारलं की उत्तर द्यायची, तेवढंच. पूर्वी तिचे प्रश्न संपत नसत. मूल प्रश्न विचारायचं थांबलं की शिकवणाऱ्याच्या ते आधी ध्यानात येत नाही. वर्ग शांत झाल्यासारखा वाटतो, आणि ते बरंच वाटतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेअर एका दिवसात निम्म्यावर आला. कंपनीने जाहीर केलं होतं की दोन खाणींचं काम मनुष्यबळाअभावी बंद करावं लागतंय. मी दलालाला फोन करून विका म्हणालो.

"कोणाला विकू, काकाजी? घेणारा नाही कोणी."

"किती मिळतील ते मिळू देत."

"बघतो उद्या सकाळी."

सकाळी त्याचाच फोन आला. कंपनीवर नवे निर्बंध लागले होते आणि शेअरचे व्यवहार थांबवले होते. कधी सुरू होतील, ते सांगता येणार नाही. सुरू होतील की नाही, हेही नाही.

मी गेन्नादीला फोन लावला. चार वेळा वाजून बंद झाला. पाचव्यांदा त्याने उचलला, पण चेहरा दाखवला नाही. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं.

"खाण बंद झाली," मी म्हणालो. "तू मला ठीक आहे म्हणाला होतास."

पलीकडे नुसती खुर्ची करकरली.

"तुला माहीत होतं, गेन्नादी. एका विधवेचे पैसे होते. तू एक शब्द सांगितला असतास..."

"फोनवर शब्द सांगता येत नाहीत इथे," तो म्हणाला. "इथे शब्दांवर माणसं उचलतात. मी तुला दाखवलं होतं. खिळ्याखिळ्याने दाखवलं. दोनदा. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी तुला कळेल. तू सर्व्हेअर आहेस."

व्हरांड्यातला माझा फळा समोर होता. सगळे बिल्ले लागलेले.

"किती गेले?"

"मोजले नाहीस तू?"

"नाही."

"ती मुलगी मोजत होती," तो म्हणाला. "मला दिसत होती ती."

मी विचारलं, "आणि पावेल?"

"जाताना सगळ्यांनी बिल्ले खिशात घातले. परत येऊन स्वतःच लावू म्हणाले. आपला नंबर दुसऱ्याला जाऊ नये म्हणून." छत हलल्यासारखं झालं, त्याने फोन उचलला असावा. "त्याचा दिवा मी रोज पुसतो. चार्जिंग उतरू देत नाही."

यानंतर गेन्नादीने माझा फोन घेतला नाही.

त्या दुपारी मी वर्ग लवकर सोडला आणि आचलला आईला बोलवायला पाठवलं. रामकला शाळेच्या पोषण आहाराच्या कामावरून तशीच आली, हाताला हळदीचा वास होता. ती खाली बसली. मी खुर्चीत बसलो होतो, मग उठून समोर जमिनीवर बसलो.

सगळं सांगितलं. शेअर, निर्बंध, व्यवहार थांबणं. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण पैसे नाहीत हे कळलं.

"सगळेच?" तिने विचारलं.

"सगळेच अडकलेत. मिळतील की नाही, सांगता येत नाही."

"मार्चमधी क्वार्टर खाली करा लागते."

"माहीत आहे."

ती रडली नाही. व्हरांड्याच्या फरशीवर एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे बघत राहिली.

"मी फेडीन," मी म्हणालो. "माझी पेन्शन आहे, मागची खोली भाड्याने देतो. महिन्याला दहा हजार देईन."

आचल फळ्याजवळ उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "नव्वद महिने. साडेसात वर्षं."

हिशेब बरोबर होता. तोंडी केला होता तिने.

रामकलाने माझ्याकडे वर पाहिलं. "तुमी एकाहत्तरचे ना जी? किती वर्सं जगता तुमी?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मग जे बाकी होतं तेही सांगून टाकलं, कारण ते सांगायच्या आधी त्या दोघी उठून गेल्या असत्या तर पुन्हा कधी सांगता आलं नसतं. म्हणालो, "आचलने त्या दिवशी बरोबर ओळखलं होतं. ती माणसं खाली नव्हती. त्यांना लढाईवर नेलं होतं, फोनवरच्या माझ्या मित्राच्या नातवालाही. माझ्या मित्राने तोंडाने सांगता येईना म्हणून मला फळा दाखवला. तो मला वाचता येत होता. मी वाचला नाही."

"येत होता?" आचलने विचारलं.

"हो."

"मग मला गप्प काऊन केलं?"

"कारण तू तो वाचलास."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. गणित सोडवताना ती पाहायची, तशी पाहत होती.

"त्या दादाचा नंबर किती होता?" तिने विचारलं. "तुमच्या मित्राच्या नातवाचा."

"चौऱ्याऐंशी."

"त्याचा दिवा होता जागेवर. मी पाहिला होता."

रामकला उठली. गुडघ्यावर हात ठेवून, जरा वेळ लावून. "चाल बेटा," म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

फळ्यावर तेवढा एकच खिळा रिकामा होता, आचलचा. तिचा बिल्ला तिच्या मुठीत होता. तिने तो अडकवला. मला वाटलं, आता ती जाईल आणि उद्यापासून येणार नाही.

ती गेली नाही. दप्तर खाली ठेवलं. टाचा उंच करून तिने पहिल्या खिळ्यापर्यंत हात नेला, तिथला माझा बिल्ला काढला आणि फ्रॉकला पुसला. अकरा वर्षांची धूळ होती त्यावर. मग माझ्यासमोर उकिडवी बसली, माझा हात उघडला, तळव्यावर तो बिल्ला ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटली. "वर आले की तुम्हीच लावा," म्हणाली, दप्तर उचललं आणि आईच्या मागे गेली.